इन्कार नको, कागद दाखवा

९ एप्रिल २०२५ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचा एक अधिकारी चाकणला पोहोचला. जेनसोल इंजिनिअरिंग या कंपनीच्या विजेवर चालणाऱ्या मोटारी इथल्या कारखान्यात तयार होणार होत्या. ३० हजार गाड्यांची मागणी आधीच नोंदवली गेली आहे, असे कंपनीने जानेवारीत जाहीर केले होते आणि त्या बातमीवर शेअरही हलला होता. अधिकाऱ्याला कारखान्यात दोन-तीन कामगार दिसले. उत्पादन चालू असल्याची एकही खूण नव्हती. मग त्याने वीजबिले मागवली. मागच्या बारा महिन्यांतले महावितरणचे सर्वांत मोठे बिल डिसेंबर २०२४ चे निघाले, १ लाख ५७ हजार ३७ रुपयांचे. ३० हजारांच्या मागणीचे म्हणाल, तर कंपनीने दाखवले ते नऊ संस्थांशी केलेले २९ हजार गाड्यांचे सामंजस्य करार. त्यांत ना किंमत होती, ना गाड्या कधी द्यायच्या याची तारीख.

या भेटीच्या महिनाभर आधी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, केअर आणि इक्रा या पतमानांकन संस्थांनी जेनसोलचे मानांकन थेट तळाला नेले होते. कर्जाचे हप्ते वेळेवर जात असल्याची जी पत्रे कंपनीने दिली, ती संशयास्पद होती. ज्या सरकारी वित्तसंस्थांच्या नावाने ती होती, त्या इरेडा आणि पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन या दोघींनीही अशी पत्रे दिलीच नसल्याचे सांगितले. यावर कंपनीचे उत्तर ठाम होते: बनावट कागदपत्रांशी आमचा काहीही संबंध नाही, चौकशीसाठी आम्ही समिती नेमत आहोत. १५ एप्रिलला बाजार नियामक सेबीचा अंतरिम आदेश आला. गाड्यांच्या खरेदीसाठीच्या पैशातल्या २६२ कोटी रुपयांचा हिशेब लागत नाही, असे त्यात म्हटले होते. त्यातला काही पैसा फिरत फिरत गुरुग्राममधल्या एका आलिशान सदनिकेपर्यंत पोहोचल्याचेही सेबीने नमूद केले. आदेश अंतरिम होता. प्रवर्तकांना आपली बाजू मांडण्याचा पूर्ण हक्क आहे आणि दोष कोणाचा हे ठरवणे वर्तमानपत्राचे काम नाही. पण तोवर या कंपनीच्या किरकोळ भागधारकांची संख्या लाखाच्या पुढे गेली होती. मार्चमधला तो ठाम इन्कार वाचून ज्यांनी शेअर ठेवून दिले, किंवा भाव पडलाय म्हणून आणखी घेतले, त्यांच्या पैशाचे काय झाले हा प्रश्न अंतिम निकालाची वाट पाहत थांबत नाही.

आर्थिक घोटाळ्याचा आरोप झाला की कंपनीकडून चोवीस तासांच्या आत निवेदन येते. आरोप निराधार, खोडसाळ, हेतुपुरस्सर बदनामी करणारे. कंपनी सर्व कायद्यांचे पालन करते. कायदेशीर कारवाईचा हक्क राखून ठेवत आहोत. हा मजकूर वकिलाच्या सल्ल्याने ठरतो. ज्याने काहीच केलेले नाही तो हेच म्हणतो आणि ज्याने सगळे केले आहे तोही हेच म्हणतो. दोघांचे शब्द एकच असतील, तर त्या शब्दांवरून खरे-खोटे कळणार कसे? म्हणून इन्काराला कंपनीच्या बाजूचा पुरावा म्हणून काहीही वजन देता कामा नये. विरुद्ध बाजूनेही देऊ नये, कारण निर्दोष माणसालाही इन्कार करावाच लागतो.

इथे अनेक सुजाण लोकांचाही गोंधळ होतो. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे तत्त्व ते बाजारात घेऊन येतात. न्यायालयात ते हवेच, कारण तिथे आरोपीचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असते. बाजारात पणाला लागतो तो गुंतवणूकदाराचा पैसा. आपली बचत कोणाच्या हाती द्यायची नाही हे ठरवायला कोणालाही गुन्हा सिद्ध करावा लागत नाही. शंका असताना पैसे काढून घेणे हा कोणाचा अपमान नाही आणि अन्यायही नाही.

सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे उदाहरण जुने झाले, तरी त्यातला एक तपशील फारसा आठवला जात नाही. डिसेंबर २००८ मध्ये, बँकेच्या कर्मचाऱ्यांना गैरलाभ दिल्याच्या कारणावरून जागतिक बँकेने सत्यमला आठ वर्षे कंत्राटांतून बाद केल्याचे उघड झाले. तेव्हा कंपनीने इन्कार तर केलाच, वर जागतिक बँकेने माफी मागावी अशी मागणीही केली. त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ रोजी, अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांचे कबुलीपत्र आले. सप्टेंबरअखेरच्या ताळेबंदात ५,३६१ कोटी रुपयांची रोकड आणि बँकशिल्लक दाखवली होती. त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. त्या तिमाहीचा नफ्याचा दर कागदावर २४ टक्के होता आणि प्रत्यक्षात ३ टक्के. शेअर एका दिवसात जवळपास चार पंचमांश घसरला. याच कंपनीला काही महिन्यांपूर्वी उत्तम कारभारासाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता.

सत्यमकडे पाहणाऱ्याला जे दिसू शकत होते, ते निवेदनांत नव्हते. ते भागधारणेच्या तक्त्यात होते. २००१ मध्ये प्रवर्तकांकडे कंपनीचे २५ टक्क्यांहून अधिक शेअर होते. मार्च २००८ पर्यंत तो हिस्सा ९ टक्क्यांच्याही खाली आला होता. जी कंपनी दर तिमाहीला इतके घवघवीत आकडे देते, तिच्यातून तिचेच मालक बाहेर पडत होते. हा तक्ता दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि तो वाचायला सनदी लेखापाल असावे लागत नाही.

येस बँकेच्या वेळीही बोललेले शब्द आणि शेअरचा तक्ता यांची फारकत झाली. सप्टेंबर २०१८ मध्ये बँकेचे संस्थापक राणा कपूर यांनी ट्विटरवर लिहिले होते की, येस बँकेचे शेअर आपल्यासाठी हिऱ्यांसारखे आहेत, ते आपल्या मुलींकडे जातील आणि त्यातला एकही विकला जाऊ नये. २०१९ संपता संपता त्यांच्या आणि त्यांच्या कंपन्यांच्या जवळपास सगळ्या शेअरांची विक्री झालेली होती. ५ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खातेदारांना महिनाभरात ५० हजारांपेक्षा जास्त रक्कम काढता येईनाशी झाली. कपूर आपल्यावरचे आरोप नाकारतात. खटले न्यायालयात आहेत. त्यांचा निकाल काहीही लागो, २०१८ च्या त्या शब्दांच्या भरवशावर शेअर धरून बसलेल्याचे नुकसान भरून निघणारे नाही.

इन्काराचा सर्वांत फसवा प्रकार मात्र वेगळाच आहे. त्यात कंपनी नुसते ‘नाही’ म्हणत नाही, स्वतःच चौकशीही करवते. मुंबईच्या डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीने हेच केले. जानेवारी २०१९ मध्ये कोब्रापोस्ट या संकेतस्थळाने ३१ हजार कोटी रुपये बनावट कंपन्यांमार्फत वळवल्याचा आरोप केला. कंपनीने तो द्वेषमूलक ठरवला आणि एका सनदी लेखापाल संस्थेला तपासणीचे काम दिले. त्या संस्थेच्या अहवालाचा हवाला देत कंपनीने मुख्य आरोप फेटाळून लावले. त्यानंतर काही महिन्यांत, जूनमध्ये, तिला रोख्यांवरचे व्याज वेळेवर देता आले नाही. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केले. २०२२ मध्ये सीबीआयने ३४,६१५ कोटींच्या बँक फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. तो खटला अजून चालायचा आहे. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत कंपनी पिरामल समूहाकडे गेली, शेअर बाजारातून काढून टाकले गेले आणि सामान्य भागधारकाच्या हाती शून्य उरले. मुदतठेवी ठेवणाऱ्या निवृत्तांनाही मोठी झळ बसली. ज्याच्यावर आरोप आहे त्यानेच तपासनीस नेमायचा, त्यानेच कामाची कक्षा आखायची, त्यानेच फी द्यायची आणि मग अहवाल दाखवून सुटका झाल्याचे जाहीर करायचे, ही चौकशी गुंतवणूकदाराने चौकशी म्हणून मोजूच नये.

मग इन्कार खरा ठरतो तेव्हा काय दिसते? १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसचेच २०१९ चे प्रकरण पाहावे. त्या ऑक्टोबरमध्ये निनावी कर्मचाऱ्यांची तक्रार उघड झाली. मुख्याधिकारी सलिल पारेख आणि वित्तप्रमुख निलांजन रॉय महसूल आणि नफा फुगवून दाखवायला सांगतात, असा आरोप होता. २२ ऑक्टोबरला शेअर १६ टक्के पडला. तक्रार सप्टेंबरअखेरीस हाती येऊनही ती आधी बाजाराला का कळवली नाही, यावरून कंपनीवर टीका झाली आणि ती रास्तच होती. पण नंतरची पावले बघा. ज्या दोघांवर आरोप होता ते या विषयापासून दूर राहिले. चौकशी लेखा समितीच्या हाती गेली. समितीने बाहेरचे वकील आणि लेखातज्ज्ञ बसवले, दोन लाखांहून अधिक कागदपत्रे तपासली, ७७ जणांच्या मुलाखती घेतल्या. १० जानेवारी २०२० रोजी, म्हणजे तीन महिन्यांच्या आत, आरोपांना आधार सापडला नसल्याचे जाहीर झाले. पुढे अमेरिकेच्या बाजार नियामकानेही आपली चौकशी पुढील कारवाईविना बंद केली.

दरम्यान, नोव्हेंबरमध्ये कंपनीचे अध्यक्ष नंदन नीलेकणी विश्लेषकांना म्हणाले होते की, इन्फोसिसचे आकडे देवालाही बदलता येणार नाहीत. बातम्यांत हेच वाक्य गाजले. वास्तविक त्या वाक्याने काहीच सिद्ध झाले नव्हते. तेच वाक्य राजूंनीही म्हटले असते. इन्फोसिसच्या इन्काराला किंमत आली ती आरोपींना बाजूला करून कागद दुसऱ्यांच्या हाती दिल्यामुळे.

आरोप करणाराही स्वच्छ असतोच असे नाही, हे मान्य करायला हवे. शेअर पडावा म्हणून आधी विकून ठेवायचे आणि मग अहवाल काढायचा, हा काही परदेशी संस्थांचा उघड धंदा आहे. जानेवारी २०२३ मध्ये हिंडेनबर्गने अदानी समूहावर आरोप केले तेव्हा समूहाने ४१३ पानांचे उत्तर दिले. त्यातल्या काही आरोपांत तथ्य नसल्याचा निर्णय सेबीने सप्टेंबर २०२५ मध्ये दिला. मधल्या अडीच वर्षांत घाबरून विकणारेही होते आणि धीर धरणारेही. या प्रकरणातून घेण्यासारखी गोष्ट नियामकाच्या वेगाची आहे. त्याचे उत्तर येईपर्यंत छोट्या गुंतवणूकदाराला आपला निर्णय कधीच घ्यावा लागलेला असतो. म्हणून आरोप करणाऱ्याचा हेतू पाहावा, पण तो पाहून थांबू नये. हेतू वाईट असला तरी कागद खरा असू शकतो. जर्मनीत वायरकार्ड या पेमेंट कंपनीच्या बाबतीत हेच झाले. फायनान्शियल टाइम्सने २०१९ मध्ये तिच्या हिशेबांवर बोट ठेवले, तेव्हा कंपनीने पत्रकारांवर सट्टेबाजांशी संगनमताचा आरोप केला आणि तिथल्या नियामकाने पत्रकारांविरुद्धच फौजदारी तक्रार केली. जून २०२० मध्ये १९० कोटी युरो सापडत नसल्याचे निष्पन्न झाले आणि आठवडाभरात कंपनी दिवाळखोरीत गेली.

म्हणून गुंतवणूकदाराने निवेदन वाचताना त्यात काय नाही ते शोधावे. आरोप ज्या रकमेवर, ज्या व्यवहारावर आहे, त्याचे नेमके उत्तर आहे का? रोकड खोटी असल्याचा आरोप असेल, तर बँकेने ऑडिटरला थेट पाठवलेली पुष्टी पुढे आली का? चौकशी कोण करणार, ती आरोपीला उत्तरदायी आहे की स्वतंत्र संचालकांना, आणि तिला मुदत आहे का? प्रवर्तकांनी किती शेअर गहाण टाकलेत? मधल्या काळात ऑडिटरने किंवा वित्तप्रमुखाने राजीनामा दिला का? यांतल्या दोन-तीन प्रश्नांवर कंपनी गप्प असेल, तर निदान मुलांच्या शिक्षणाचा किंवा निवृत्तीचा पैसा तिथून काढून घ्यावा. आरोप खोटा निघाला तर परत शिरता येते. थोडा नफा हुकेल एवढेच. आरोप खरा निघाला तर शेअर रोज खालच्या सर्किटला अडकतो आणि विकायचे म्हटले तरी घेणारा मिळत नाही. दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही, हे डोक्यात पक्के हवे.

सगळा भार गुंतवणूकदारावर टाकणेही बरोबर नाही. सेबीने अफवांच्या खुलाशाचा नियम जून २०२४ पासून पहिल्या १०० आणि डिसेंबर २०२४ पासून पहिल्या २५० कंपन्यांना लागू केला आहे. बातमीमुळे भावात मोठी हालचाल झाली, तर त्यांनी चोवीस तासांत बातमी खरी की खोटी हे सांगायचे. नियम चांगला, पण दोन ठिकाणी अपुरा. एक तर जेनसोलसारख्या लहान कंपन्या त्याच्या कक्षेबाहेर राहतात. स्वस्त भाव, शेअर विभाजन आणि मोठमोठ्या ऑर्डरच्या बातम्या पाहून नवखे गुंतवणूकदार नेमके तिथेच शिरतात. दुसरे म्हणजे, ‘बातमी खोटी आहे’ एवढे म्हटले की कंपनी मोकळी होते.

गैरव्यवहाराचा ठोस आरोप झालेल्या प्रत्येक नोंदणीकृत कंपनीचा खुलासा लेखा समितीच्या अध्यक्षांच्या सहीने यावा, त्यात चौकशी करणाऱ्याचे नाव आणि अहवालाची तारीख असावी, आणि त्या तारखेपर्यंत प्रवर्तकांना व वरिष्ठ अधिकाऱ्यांना शेअर विकण्यास किंवा गहाण टाकण्यास बंदी असावी. ऑक्टोबर २०२० पासून फॉरेन्सिक ऑडिट सुरू झाल्याची माहिती बाजाराला देणे कंपन्यांना बंधनकारक आहेच, आणि त्यामुळे कोणाचा धंदा बुडालेला नाही. त्याच वाटेवरचे हे पुढचे पाऊल आहे. सेबीने ते पुढचा घोटाळा उघडकीला येण्याआधी उचलावे.