शुक्रवारपर्यंत परत करा

वर्धा जिल्ह्यात ज्या कुणाच्या खात्यात, खिशात किंवा कपाटात बँकेच्या चुकीने आलेले पैसे पडून आहेत, त्यांना हा जाहीर इशारा आहे. येत्या शुक्रवारी बँक बंद होण्याआधी ते परत करा. पेरणी, लग्न, आजारपण, कोणतीही सबब चालणार नाही.

मी एकतीस वर्षं कॅश काउंटरवर काढली. ऐन कापसाच्या हंगामात एका दुपारी चुकाऱ्याचे पैसे देताना माझ्या हातून शंभराच्या गड्डीऐवजी पाचशेची गड्डी गेली. दोन्हींत नोटा शंभरच, फरक चाळीस हजारांचा. संध्याकाळी कॅश जुळेना. नोटा तीनदा मोजल्या, एकेक स्लिप तपासली, कचऱ्याची टोपलीही उलटी केली. शेवटी साहेबांनी शॉर्टेज लिहिलं आणि खाली माझी सही घेतली. ती रक्कम बँकेने नाही, मी भरली. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. ज्याच्या पिशवीत गड्डी गेली त्याच्या दारी मी दोनदा गेलो. "तुम्हीच मोजून दिले होते ना?" एवढंच तो म्हणाला, आणि आत गेला.

म्हणून "बँकेचं काय जातं?" हे माझ्यासमोर कुणी बोलू नये.

शेजारच्या नागपूर जिल्ह्यात, खापरखेड्याला जून 2022 मध्ये एका एटीएमच्या शंभराच्या ट्रेमध्ये पाचशेच्या नोटा भरल्या गेल्या. पाचशे मागणाऱ्याला पाचशेच्या पाच नोटा मिळू लागल्या आणि बघता बघता तिथे गर्दी उसळली. एका ग्राहकाने पोलिसांना कळवलं तेव्हा ते बंद झालं. पहिल्यांदा जास्त नोटा आल्या ती मशीनची चूक होती. हे कळूनही ज्याने पुन्हा कार्ड घातलं, त्याला मी चोरच म्हणतो. पैठण तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यात 2021 मध्ये पंधरा लाख आले. सरकारनेच दिले असं समजून त्याने त्यातले नऊ लाख घराला लावले. पैसे होते एका ग्रामपंचायतीच्या विकासकामांचे. त्याच्या भाबडेपणाला मी चोरी म्हणणार नाही, पण त्या गावाच्या वाट्याचे पैसे त्याच्या भिंतींत गेले, हेही खरं.

लपेल असं समजू नका. नोव्हेंबर 2023 च्या दिवाळीत युको बँकेच्या यंत्रणेतल्या बिघाडाने सुमारे 820 कोटी रुपये 41 हजारांवर खात्यांत गेले. ज्यांनी ते काढून घेतले त्यांच्या मागे सीबीआय लागली. मार्च 2024 मध्ये राजस्थान आणि महाराष्ट्रात मिळून 67 ठिकाणी झडत्या झाल्या. चुकून आलेले पैसे परत केलेच पाहिजेत, असं 1872 च्या करार कायद्याचं कलम 72 सांगतं. आणि परक्याचं आहे हे माहीत असून अप्रामाणिकपणे पचवलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली किमान सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं कैद आणि वर दंड.

"मी चोरलं नाही, आपोआप आलं," असं म्हणणाऱ्यांनी सेवाग्रामची अकरा व्रतं आठवावीत. त्यातलं अस्तेय फक्त खिसे कापणाऱ्यांसाठी नव्हतं. बँक आपल्याला लुटते म्हणत असाल, तर लेखी तक्रार करा, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. मी अर्ज लिहून देईन. पण चुकून आलेले पैसे शेजारच्या शेतकऱ्याच्या चुकाऱ्याचेही असू शकतात, तो राग त्यांच्यावर काढू नका.

परत करताना एक सांभाळा. "चुकून पैसे आले, या नंबरवर पाठवा" असा फोन आला तर एक रुपयाही पाठवू नका. ठगांचा तो धंदा आहे. पासबुक घेऊन शाखेत जा, लेखी अर्ज द्या, अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. शाखाधिकाऱ्यांनाही सांगतो, आलेल्या माणसाला आरोपीसारखं उभं करू नका.

आमच्या गावातल्या दोघांनी पानठेल्यावर असे पैसे ठेवून घेतल्याची स्वतःच्या तोंडाने फुशारकी मारलेली मी ऐकली आहे. नावं आज लिहीत नाही. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पैसे जमा झाले नाहीत, तर सोमवारी सकाळी मी शाखेत आणि पोलीस ठाण्यात माझ्या सहीने तक्रार देणार, आणि कोर्टात साक्षीलाही उभा राहणार.