बर्फाला विचारून रजा टाका

थर्टी फर्स्टला कुठे? आमच्या ऑफिसात हा प्रश्न ऑक्टोबरपासूनच फिरायला लागतो. गोवा झालं, अलिबाग झालं, महाबळेश्वरला जाऊन स्ट्रॉबेरी विथ क्रीमही झालं. मग एका वर्षी कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता कुणीतरी पिल्लू सोडलं, "ए, स्कीइंगला जाऊया ना!" बस्स, ठरलं. औली! उत्तराखंडमधलं छोटंसं स्की सेंटर, समोर नंदादेवी आणि पायाखाली पांढराशुभ्र उतार. निदान फोटोत तरी.

त्या रजेसाठी मी काय काय नाही केलं! दिवाळीत ऑफिस सांभाळलं, दोन शनिवार फुकट भरले, बॉसच्या फालतू जोकवर हसलो. मग पुणे-दिल्ली विमान, दिल्ली-ऋषिकेश बस आणि तिथून जोशीमठपर्यंत जवळपास अडीचशे किलोमीटरचा घाटरस्ता. अख्खा दिवस त्यातच गेला. २९ डिसेंबरला वर पोचलो. नवं जॅकेट, नवे ग्लव्ह्ज, मित्राकडून उसना आणलेला गॉगल. आणि समोर काय? भुरं गवत आणि मस्त कोवळं ऊन. तळजाईच्या टेकडीवर डिसेंबरात दिसतं, अगदी तस्संच!

आमचे पडलेले चेहरे बघून तिथला एक स्की इन्स्ट्रक्टर हसला. पंचविशीतला, जवळच्याच गावातला पोरगा. म्हणाला, "साहब, आप लोग छुट्टी देखकर आते हो. बर्फ देखकर कोई नहीं आता."

मग टपरीवर मॅगी खाता खाता त्याने आमची शाळाच घेतली. आपला पावसाळा कसा, साधारण जूनमध्ये हजेरी लावतो. इथल्या बर्फाचं तसं नाही. तो येतो पश्चिमेकडून, पार भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेल्या वेस्टर्न डिस्टर्बन्सबरोबर. तो आला की आभाळ भरतं, दिवस-दोन दिवस बर्फ पडतो, मग आकाश लख्ख होतं आणि खरी कडाक्याची थंडी सुरू होते. नाही आला, तर आठवडेच्या आठवडे नुसतं ऊन. डिसेंबरात एखादा येतो किंवा येतच नाही. त्यातल्या त्यात भरवशाचे दिवस म्हणजे जानेवारीचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारी. मार्च उजाडला की वितळायला सुरुवात.

त्यात औलीची उंची बेताची. उतार साधारण अडीच हजार मीटरपासून तीन हजारांच्या थोडं वरपर्यंत. म्हणजे दोन-तीन डिग्रीचा फरक पडला, की खालच्या टप्प्यात बर्फाऐवजी चक्क पाऊस! उतार उत्तरेकडे तोंड करून आहेत म्हणून बरं. ऊन तिरपं लागतं आणि एकदा पडलेला बर्फ टिकून राहतो.

आणि बॉस, बर्फ म्हणजे सगळा एकसारखा नसतो हं. ताजा पडलेला असतो भुसभुशीत, पिठीसाखरेसारखा. त्यावर पडलात तरी लागत नाही. मग दुपारच्या उन्हात वरचा थर वितळतो आणि रात्री गोठून कडक होतो. सकाळी आठला त्यावर उभं राहणं म्हणजे फरशीवर साबण लावून नाचणं. दहा-अकरापर्यंत तो जरा मऊ होतो, तीच नवशिक्यांची वेळ. दुपारी तीननंतर गिच्च काला आणि स्की जागच्या जागी रुतलेल्या.

"पण इथे बर्फ करायच्या मशीन आहेत ना?" आमच्यातल्या गुगल-पंडिताने विचारलं. आहेत. २०११ च्या जानेवारीत औलीत साउथ एशियन विंटर गेम्स झाले, त्या सुमारास त्या आल्या. पण मशीन फक्त पाण्याचे बारीक थेंब हवेत उडवते, गोठवायचं काम थंडीलाच करावं लागतं. हवा कोरडी आणि तापमान शून्याखाली नसेल, तर ती झाडांना पाणी घालायच्या फवाऱ्याएवढ्याच कामाची.

आणि हे फक्त छोट्या औलीचं दुखणं नाही. तिकडे काश्मीरचं गुलमर्ग, देशातलं सगळ्यात नावाजलेलं स्की रिसॉर्ट. २०२५ साली तिथले खेलो इंडिया विंटर गेम्स फेब्रुवारीत व्हायचे होते. पुरेसा बर्फच नाही म्हणून पुढे ढकलले आणि ९ ते १२ मार्चला उरकले. त्याच हंगामात, २८ फेब्रुवारीला, औलीच्याच चमोली जिल्ह्यात माणा गावाजवळ कामगारांच्या छावणीवर हिमकडा कोसळला आणि आठ जणांचा जीव गेला. आधी वाट बघायला लावायची आणि मग सगळं एकदम ओतायचं, असाही हंगाम असतो.

आमचं काय, चार दिवस मॅगी खाल्ली, नंदादेवीपुढे फोटो काढले, परत आलो. पण निघताना त्या इन्स्ट्रक्टरला सहज विचारलं, "तुझं कसं चालतं रे?" त्याने बोटं मोजून दाखवली. बर्फाचे सहा ते आठ आठवडे, त्यात वर्षाची अर्धी कमाई. आदल्या वर्षी तीनच आठवडे मिळाले होते. आपलं अप्रेझल खराब झालं तर आपण कॅन्टीनमध्ये दोन दिवस तोंड पाडून बसतो. याचं अप्रेझल आभाळ करतं आणि वर अपील नाही.

तर मंडळी, जायचं असेल तर थर्टी फर्स्टचा नाद सोडा. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरा. हाताशी दोन दिवस जास्तीचे ठेवा, कारण दणकून बर्फ पडला की जोशीमठहून वर येणारा रस्ताच अडतो. जोशीमठचा रोपवे जमीन खचल्यामुळे जानेवारी २०२३ मध्ये बंद झाला होता, तेव्हा त्याच्या भरवशावर प्लॅन आखू नका. खरंच शिकायचं असेल तर गढवाल मंडल विकास निगमचा सात दिवसांचा कोर्स करा. वीकएंडला जाऊन फक्त पडायला येतं. आणि तिकीट काढण्याआधी तिथल्या एखाद्या पोराला फोन करून विचारा, "गिरा क्या?"

मी आता तेच करतो. यंदाच्या रजेच्या अर्जात तारखेपुढे लिहिलं, 'एक आठवडा इकडे-तिकडे'. बॉसने बोलावून विचारलं, "हे काय नवीन?"

म्हटलं, "सर, वरून मंजुरी यायची आहे."