आईचं लुगडं आणि पाव इंच

यंदाच्या थंडीत ग्वाल्हेरला ताईकडं आठ दिवस राहून आले. तिचं घर दर्पण कॉलनीत. ग्वाल्हेरात मराठी माणसांचं नवल नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली तिथं मुक्काम हलवला, त्यांच्या छावणीचंच पुढं लष्कर झालं, आणि तेव्हापासूनची मराठी घरं तिथं आहेत. ताईची मराठी आता अर्धी हिंदीच्या वळणाची झालीय. पण वाकळेला ती अजून वाकळच म्हणते, आणि आमच्याकडून फोन गेला की कौदी.

थंडी मात्र तिथली आपल्यासारखी लाडाची नव्हे. म्हणूनच ताईनं आईची दोन इरकली लुगडी काढली होती. नातवासाठी त्यांची गोधडी करायची, पण आपल्यासारखी ठिगळावर ठिगळ लावून नाही, तर नव्या पद्धतीची. कागदावर नक्षी छापायची, त्या कागदालाच कापड लावून रेघेवरून मशीन मारायची, असे सात सात इंचांचे छप्पन्न चौकोन करायचे आणि सात ओळींत आठ-आठ जोडायचे. मी पोचले तेव्हा तीस तयार होते. ताई गप्प होती. तिनं दोन चौकोन एकमेकांवर ठेवून दाखवले. एक दुसऱ्यापेक्षा चांगला दोरा-दीड दोरा नव्हे, तर पाच मिलिमीटर लहान!

"उसवून टाकते," ताई म्हणाली. मी हात धरला. चाळीस वर्षं नेसून धुऊन मऊ झालेलं ते सूत, त्यावर बारीक टाक्यांची शिवण. उसवायला गेलो तर कापडच जाणार. आणि आईचं लुगडं कुठल्या दुकानात मागायचं?

मग आम्ही दोघी फूटपट्टी घेऊन बसलो. अठरा चौकोन बरोबर निघाले, बारा लहान. बरोबर होते त्यांचे कागद सूनबाईनं घरी छापले होते. शाई संपली म्हणून उरलेले बाहेरून छापून आणले. चूक तिथं होती. अशा नकाशांची पानं बहुधा अमेरिकन मापाची असतात, साडेआठ इंच रुंद. आपला ए-फोर कागद २१० मिलिमीटरचा, म्हणजे सव्वाआठच्या आसपास. छापताना 'पानात बसवा' असं मशीनला सांगितलं, की ते चित्र गुपचूप आवळतं, साधारण शंभराचं सत्त्याण्णव. सात इंचांत हे पाव इंचाला जरा कमी भरतं. पण आठ चौकोनांच्या ओळीत पावणेदोन इंचांचा फरक! त्या पानावर तपासायला एक इंचाचा लहान चौकोन छापलेला असतो. ताईनं तो मोजलाही होता. पण एका इंचात तीन टक्के म्हणजे मिलिमीटरसुद्धा नाही, ते आपल्या डोळ्याला कुठलं दिसायला? मोजायची ती नक्षीची सगळ्यात लांब रेघ, आणि तीही पहिलं पान हातात आल्याबरोबर. छापताना माप शंभर टक्केच ठेवायला सांगायचं. झेरॉक्सवरून झेरॉक्स तर काढूच नये, दरवेळी माप थोडं हलतं.

सगळेच सारखे आवळले असते तर गोधडी थोडी लहान झाली असती, एवढंच. दोन मापं मिसळली, तिथं घोटाळा झाला.

मोजता मोजता आणखी दोन गोष्टी सापडल्या. ताई चौकोनाच्या कडा कापताना कागदाची कड धरून कापत होती. कागद हातानं कापलेला, त्याची कड वाकडी. बाहेरच्या छापील रेघेवर पट्टी ठेवून, रेघेपासून पाव इंच सोडून कापायला हवं. जोडताना शिवण येते ती त्या रेघेवर. दुसरं म्हणजे तिनं पहिल्या सहा चौकोनांचे कागद घाईनं फाडून टाकले होते. तिरक्या कापाची कड कागदाशिवाय इस्त्रीखाली ताणली जाते. चौकोन चारी बाजूंनी जोडून होईपर्यंत कागद राहू द्यावा. टाके बारीक घेतले, दीड मिलिमीटरचे, की पुढं तो सहज फाटतो. इस्त्रीही कोरडीच, वाफेनं कागद आखडतो. आणि इरकलीसारख्या सुळसुळीत कापडाला भाताची पेज लावून घेतली तर ते जागचं हलत नाही.

मला राहून राहून हसू येत होतं. आई वाकळ शिवायची तेव्हा पट्टी कुठं होती? आपल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, त्या एका कोपऱ्यातून सुरू करून कडेकडेनं आत येत जातात. तुकडा कमी पडला तर पुढचा मोठा घ्यायचा, संपलं. शेवटी चार कोपऱ्यांना घडी घातलेली फुलं. तिथं माप चुकायला जागाच नाही, कारण आधी ठरवलेलं मापच नसतं. कागदावर शिवायची रीत मात्र विलायतेत जुनी आहे. तिथल्या एका रेशमी पांघरुणावर १७१८ साल आहे, आणि तेही कागदावर बेतून शिवलेलं. ज्याला टोकाला टोक जुळवायचंय, त्याला मोजणं चुकत नाही. दोन्हींत मला आपली वाकळ जास्त आवडते, हे ताईला सांगितलं नाही.

तोड निघाली ती अशी. सगळ्याच चौकोनांना भोवती साध्या तपकिरी सुती कापडाची पट्टी लावायची. नवं कापड आधी धुऊन घेतलं, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि जुनं लुगडं सुरकुततं. पट्टी सव्वा इंच रुंद कापली. मग साडेआठ इंचांचा पुठ्ठ्याचा साचा केला, त्यावर मधोमध अधिकची खूण. प्रत्येक चौकोनाचा मध्य त्या खुणेवर आणायचा आणि साच्याबरोबर कापायचा. लहान चौकोनाची पट्टी किंचित रुंद उरते, मोठ्याची अरुंद. तीस एकावर एक रचून ठेवले आणि दोन्ही हातांनी गठ्ठा ठोकला. कडा जुळल्या.

चौकोन आता शिवून आठ इंचांचा. ताईनं वहीत गणित मांडलं. सहा आणि सात, बेचाळीस चौकोन, अठ्ठेचाळीस बाय छप्पन्न. गोधडी जवळपास आधी ठरलेल्या मापाचीच! म्हणजे आणखी सव्वीस कापायचे होते, तिथं आता फक्त बारा.

एक लुगडं जवळजवळ अर्धं शिल्लक राहिलं, पदरासकट. ताईनं ते घडी घालून माझ्या पिशवीत ठेवलं. मी अजून त्याला कात्री लावलेली नाही.