कंपनी सोडल्यानंतरचें गाणें

घरांतला मुलगा तीन-चार वर्षें मित्रांच्या वाद्यवृंदांत गात असतो. टाळ्या मिळतात, थोडेबहुत पैसेहि मिळतात. एके दिवशीं पानावर बसतां बसतां तो सांगतो, "यापुढें मी माझ्या नांवावर एकटाच गाणार." वाढणारे हात क्षणभर थबकतात. आजोबांना वाटतें, चौघांची मोट मोडली. वडिलांना मिळकतीची काळजी लागते. काकूंना वाटतें, मित्रांशीं कांहीं बिनसलें असावें. यांतली एकहि शंका अगदींच निराधार नसते. पण हा प्रश्न आजचा नव्हे. आपल्या कृष्णाकांठानें तो पूर्वींच पाहिलेला आहे.

जुन्या सातारा मुलखाचा दक्षिण भाग व त्याला लागून असलेल्या मिरज, सांगली या संस्थानांचा प्रदेश मिळून १९४९ सालीं 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला. १९६० पासून त्यासच आपण सांगली जिल्हा म्हणतों. याच टापूंत बालगंधर्वांचें नागठाणें आहे, विष्णु दिगंबरांच्या आडनांवांतलें पलूस आहे आणि विनायकबुवा पटवर्धनांची मिरज आहे. तिघांनींहि केव्हां ना केव्हां भरलें घर सोडलें. विष्णु दिगंबर १८९६ सालीं मिरजेचें गुरुगृह सोडून बाहेर पडले. बालगंधर्व १९१३ सालीं किर्लोस्कर मंडळींतून निघाले. पण त्यांनीं एक कंपनी सोडून दुसरी उभारली. कंपनीचें छत्र सोडून केवळ आपल्या गळ्यावर उभें राहण्याची कसोटी विनायकबुवांच्या वाट्यास आली.

नाटककंपनी म्हणजे एक मोठें एकत्र कुटुंबच. बिऱ्हाड एक, मुदपाकखाना एक, पगार मालकाकडून. गायक-नटाच्या पाठीशीं तेथें केवळ ऑर्गन व तबलाच नसतो. कथानक असतें, पोषाख असतो, समोर तोलामोलाचें पात्र असतें. एखादें पद जरा कमी रंगलें तरी पुढचा प्रवेश तें सांवरून नेतो. मैफलींत हें कांहीं नसतें. दोन तंबोरे, तबला आणि समोर बसलेले जाणकार. तेथें एकच राग तासभर मांडावा लागतो. मागें तालीम नसेल तर पहिल्या पंधरा मिनिटांतच माणूस उघडा पडतो.

विनायकबुवांपाशीं ती तालीम होती. १८९८ सालीं मिरजेस जन्मलेला हा मुलगा १९०७ मध्यें लाहोरास विष्णु दिगंबरांच्या गांधर्व महाविद्यालयांत गेला, शिकला आणि पुढें स्वतः शिकवूंहि लागला. १९२२ सालीं ते गंधर्व नाटक मंडळींत आले आणि बालगंधर्वांसमोर नायकाच्या भूमिका करूं लागले. त्या काळीं गायक-नटास याहून मोठा मान तो कोणता? पण २१ ऑगस्ट १९३१ रोजीं मिरजेस गुरूंचा अंत झाला. पुढच्याच वर्षीं बुवांनीं कंपनी सोडली आणि ८ मे १९३२ रोजीं पुण्यास गांधर्व महाविद्यालय सुरू केलें. त्याच वर्षींच्या 'माधुरी' या बोलपटांत त्यांची भूमिका होती; म्हणजे पैशाची दुसरी वाटहि समोर मोकळी होती. तरी त्यांनीं आयुष्य वाहिलें तें मैफलीला आणि विद्यादानाला. त्यांचा तराणा देशभर गाजला. 'राग विज्ञान'चे सात भाग त्यांनीं लिहिले. वडील गेले तेव्हां अवघ्या दहा वर्षांचे असलेले गुरुपुत्र दत्तात्रेय पलुसकर यांनाहि त्यांनीं शिकविलें. १९७२ सालीं 'पद्मभूषण' हा किताब मिळाला. १९७५ सालीं ते निवर्तले.

या चरित्रांतून मला एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. बुवा एकटे झाले, पण अनृणी झाले नाहींत. कंपनी सुटली तरी गुरूचें देणें त्यांनीं आपल्या माथ्यावरून उतरविलें नाहीं. एकट्यानें गाणें म्हणजे कोणाचें कांहीं न लागणें नव्हे. उलट ज्याचें लागतों तें फेडण्यास आतां दुसरा कोणी भागीदार उरत नाहीं.

तेव्हां पानावरून उठतांना मुलाला रागें भरूं नये आणि उगीच डोक्यावरहि घेऊं नये. "मित्रांचा हिशेब चोख केलास ना?" एवढें आधीं विचारावें. मग संध्याकाळीं सगळ्यांनीं माजघरांत बसावें, विजेचीं वाद्यें बाजूस ठेवावींत, तंबोरा लावावा आणि त्याला म्हणावें, "आतां गा." तासभर तो बसला आणि आपण ऐकत राहिलों, तर वर्षभर त्याच्या जेवणाची काळजी घराला जड होणार नाहीं. नाहींच बसला, तर काय शिकायचें राहिलें आहे तें आपण सांगण्याची गरज पडणार नाहीं. त्याचें त्यालाच कळेल.