शब्दांची सोबत

हिंगोली जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेतली गोष्ट आहे. इंग्रजीच्या पेपरात एका मुलाने पावसाबद्दल लिहिताना 'बिग रेन' असे लिहिले. शिक्षकांनी 'बिग'वर लाल रेघ मारली, वर 'हेवी' लिहिले आणि अर्धा गुण कापला. मुलाने विचारले, "सर, बिग म्हणजे मोठाच ना? मग माझे चुकले काय?"

प्रश्न रास्त होता. मराठीत आपण 'मोठा पाऊस' म्हणतोच. व्याकरणाचा नियमही मोडला नव्हता. पण इंग्रजीत पावसाच्या सोबतीला 'हेवी', म्हणजे जड, हा शब्द येतो. आपला कडक चहा तिकडे 'स्ट्राँग' होतो. 'हार्ड टी' म्हटले तर ऐकणारा बुचकळ्यात पडेल.

शब्दांना अशी ठरलेली सोबत असते. हॅरल्ड पामर हे इंग्रज भाषातज्ज्ञ जपानमध्ये इंग्रजी शिकवण्याच्या पद्धतींवर काम करत होते. त्यांनी 1933 मध्ये इंग्रजीतील अशा शब्दजोड्यांचा अहवाल टोकियोत प्रसिद्ध केला. म्हणजे आपली अडचण जपानी मुलांनाही होतीच!

आपण मात्र वहीत डावीकडे शब्द आणि उजवीकडे अर्थ लिहून पाठ करतो. माझ्या मते खरी चूक इथे आहे. 'टेक' म्हणजे घेणे, एवढ्याने काय कळणार? उर्दूत आपण 'इम्तिहान देना' म्हणतो, मराठीत 'परीक्षा देणे'. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो, म्हणजे चक्क घेतो! उर्दूत तस्वीर खेचतात, मराठीत फोटो काढतात, इंग्रजीत तोही 'टेक'.

पण कधी कधी मराठी आपल्या मदतीला येते. उर्दूत कसम खातात आणि दवाही खातात. ('दवा खाना' मराठीत जोडून लिहिले तर भलतेच होईल, ही गोष्ट अलाहिदा!) मराठीत शपथ घेतात आणि औषधही घेतात. इंग्रजीतही दोन्हींना 'टेक'च लागते. मराठीचा तास मन लावून ऐकणाऱ्या मुलाला ही इंग्रजी जोडी आपोआप आठवेल.

असे कान आपल्याकडे आहेत. आपला हा भाग 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि उर्दू ही तिथली राजभाषा होती. आजही बाजारात एकाच दुकानात दोन्ही भाषा ऐकू येतात. मराठीने तर फार पूर्वीपासून दोन घरचे शब्द शेजारी बसवले आहेत. 'कागदपत्र' पाहा. कागद फारसीतून आला, पत्र संस्कृतातून. 'धनदौलत'मधले धन संस्कृत, दौलत अरबी. या जोड्या उलट करून 'पत्रकागद', 'दौलतधन' म्हणून पाहा. घरातले सगळे हसतील. मात्र हसणाऱ्यांपैकी कोणालाही त्याचा नियम सांगता येणार नाही.

त्या मुलाचा अर्धा गुण कापला, याला माझी हरकत नाही. पण लाल रेघेशेजारी 'मूसलाधार बारिश', 'मुसळधार पाऊस' आणि 'हेवी रेन' या तीन जोड्या लिहून दिल्या असत्या, तर त्याला त्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असते.