तणाची परीक्षा सरकारी खर्चानेच हवी

हरियाणा-पंजाबातील गव्हात ‘मंडूसी’ नावाचे तण माजते. कोवळेपणी ते गव्हासारखेच दिसत असल्याने खुरपणीत निसटते. म्हणून शेतकरी आयसोप्रोट्युरॉन या एकाच तणनाशकावर वर्षानुवर्षे विसंबला. फवारणीतून वाचलेल्या मोजक्या रोपांचेच बी जमिनीत साठत गेले आणि १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत हरियाणात हे औषध निष्प्रभ ठरू लागले. पुढे नवी औषधे आली; त्यांतील काहींचीही तीच गत झाली.

तण मरेनासे झाले की शेतकरी भेसळीचा संशय घेतो, मात्रा वाढवतो आणि खर्चात बुडतो. वस्तुतः निदान सोपे आहे. संशयित शेतातील बी व औषधाने हमखास मरणाऱ्या तणाचे बी शेजारीशेजारी कुंड्यांत पेरावे. दोहोंवर सारख्याच चढत्या मात्रा फवाराव्यात. दुसरे मरून पहिले तगले, तर दोष औषधाचा नव्हे, हे सिद्ध होते.

परंतु तणाचे बी बांध जाणत नाही. पाण्याबरोबर, यंत्राबरोबर ते शेजारी पोहोचते. ज्या चाचणीचा लाभ साऱ्या गावाला, तिचा भार एकट्याने का वाहावा? विक्रेत्याचे हित तर खप वाढण्यातच असते. तेव्हा कृषी विज्ञान केंद्रांनी कापणीपूर्वी बी गोळा करून पुढील पेरणीआधी निकाल विनामूल्य द्यावा. उशिरा कळलेल्या रोगाचे औषध नेहमीच महाग पडते.