'चांगला डॉक्टर' : एका विशेषणाची चिकित्सा

आमच्यापैकी बहुतेकांची नोकरी बदल्यांत गेली. नव्या गावी सामान उतरवून झाले, की गॅस, दूधवाला आणि मुलांची शाळा यांच्या पाठोपाठ शिक्षक-खोलीत एक प्रश्न विचारावा लागतो : 'इथे चांगला डॉक्टर कोण?' याची उत्तरे आता आम्हांला तोंडपाठ झाली आहेत. 'अमक्यांकडे जा, पहाटे नंबर लावावा लागतो.' 'तमक्यांकडे जा, सगळी मशिने आहेत.' 'ते तर परदेशात शिकून आलेत.' म्हणजे गर्दी, यंत्रे आणि पदव्या. विशेषण नेमके कोणाला लागले आहे हे पाहणे हा मराठीच्या अध्यापकांचा धंदाच. आणि आमचे स्पष्ट मत असे, की या उत्तरांतले 'चांगला' डॉक्टरला लागतच नाही, ते त्याच्या पाटीला लागते.

आमच्यातल्या एका सहकाऱ्याचा अनुभव सांगतो. कोकणातून त्याची मराठवाड्यात बदली झाली, तीही ऐन वैशाखात. सोबत वृद्ध आई. रक्तदाबाची गोळी अनेक वर्षे चालू. महिनाभरात त्या म्हणू लागल्या, 'जीव घाबरा होतो.' सर्वांनी एकमुखाने सुचवलेल्या डॉक्टरांनी या तीन शब्दांतला 'घाबरा' तेवढा ऐकला आणि झोपेची गोळी लिहून दिली. आठवड्यात आईंना ग्लानी येऊ लागली. अखेर एस.टी. स्टँडमागच्या बोळातल्या एका साध्या एमबीबीएस डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले : 'घाबरा म्हणजे भीती वाटते, की आतून कासावीस होतं?' आणि 'गावाकडची गोळी कोणती?' गोळी लघवी वाढवणारी होती; त्यात नवा उन्हाळा, घाम, मंदावलेले जेवण. रक्त तपासले, तर सोडियम बरेच उतरलेले. तपासणी यांनीही केलीच, यंत्राशी त्यांचे वैर नव्हते. पण यंत्राला काय विचारायचे हे त्यांना आधी शब्दांतून कळले होते.

मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत! ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी. कणकण म्हणजे ताप नव्हे आणि घेरी म्हणजे ग्लानी नव्हे. हे केवळ भाषावैभव नव्हे, हे निदानाचे साहित्य आहे. रुग्ण गाव बदलतो तेव्हा त्याचा कागदोपत्री इतिहास फायलीतून येतो, उरलेला या शब्दांतून. तो ऐकून न घेणाऱ्याकडे भिंतभर पदव्या असल्या, तरी आमच्या लेखी तो अर्धाच डॉक्टर.

हा प्रश्न आजचा नाही. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही १९६८ची कादंबरी आपण वर्गात स्त्री-शिक्षणाची कथा म्हणून शिकवतो. ती तशी आहेच. परंतु टपाल खात्यातल्या नवऱ्याच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता अशी फिरलेली, दहा दिवसांचे मूल गमावलेली ती मुलगी अखेर काय मागत होती? १८८३मध्ये बंगालमधील श्रीरामपूरच्या भाषणात आनंदीबाईंनी या देशाला स्त्री-डॉक्टरांची गरज असल्याचे मांडले. त्या गरजेच्या मुळाशी हेच होते, की परपुरुषापुढे स्त्रीला आपले दुखणे उच्चारताच येत नव्हते. म्हणजे जिच्यापाशी बोलता येईल, ती डॉक्टर. १८८६मध्ये त्या स्वतः एम.डी. झाल्या. 'चांगला डॉक्टर' या शब्दांची इतकी स्वच्छ व्याख्या हाताशी असताना आपण गर्दी मोजत बसतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, डॉक्टरांना वेळ कुठे आहे? खरे आहे. 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात २०१७मध्ये ६७ देशांचा आढावा आला. त्यात भारतातील प्राथमिक तपासणीचा वेळ जेमतेम दोन मिनिटांच्या आसपास होता. पण मग ज्याच्या दारी सर्वांत मोठी रांग, तोच सर्वांत चांगला, हे कोणते तर्कशास्त्र? रांग हा गुणवत्तेचा पुरावा नसून आपल्या वाट्याला किती कमी मिनिटे येणार याची आगाऊ सूचना आहे.

दुसरा आक्षेप हळवा : 'पूर्वीचे फॅमिली डॉक्टर आता राहिले नाहीत हो!' राहिले नाहीत, की आपण ठेवले नाहीत? डोके दुखले की मेंदूतज्ज्ञ, छातीत जळजळले की हृदयतज्ज्ञ, अशी धाव आपणच घेतली. बोळातल्या डॉक्टरांना 'नुसते एमबीबीएस' आपणच म्हटले. त्यातला 'नुसते' हा शब्द आपला आहे, त्यांचा नाही. ज्यांना आपण हिणवले त्यांच्याच नावाने उसासे टाकणे याला स्मरणरंजन म्हणत नाहीत. त्याला दांभिकता म्हणतात.

नव्या गावी प्रश्नच बदलावा, एवढेच आमचे म्हणणे. नोंदणी आहे ना, हे पाहावेच. पण नंतर विचारावे : ते जुन्या गोळ्या विचारतात का? तपासणी कशासाठी, हे सांगतात का? 'हे माझ्या आवाक्यातले नाही' असे म्हणून योग्य जागी पाठवतात का? आणि सर्वांत आधी, त्यांच्यासमोर आपले वाक्य पुरे होते का?

शिक्षक-खोलीत यापुढे कोणी नवा माणूस हा प्रश्न घेऊन आला, तर त्याला पाटीवरच्या पदव्या वाचून दाखवू नका. बोळ दाखवा.